दोन टनांची भिंत आणि एक उघडी खिडकी

ही क्लिप तुम्ही पाहिलेली आहे. सिनेमाचं नाव माहीत नसेल, माणसाचंही नसेल, पण स्क्रोल करताना कधीतरी ती अंगठ्याखालून गेलेली आहे. वादळ सुटलंय, गावातली घरं मोडून पडतायत आणि एक ठेंगणा माणूस रस्त्यात, एका घराकडे पाठ करून उभा आहे. मागच्या घराची अख्खी दर्शनी भिंत सुटते आणि सरळ त्याच्या अंगावर येते. धूळ उडते. माणूस उभाच. कारण वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी तो उभा होता तिथे येऊन पडलेली असते.

खाली कमेंटमध्ये कुणीतरी हटकून विचारतं, ‘ग्राफिक्स आहे का?’ नाही. हे चित्रण १९२७ सालचं आहे. भिंत खरी, वजन सुमारे दोन टन. खिडकीच्या चौकटीत त्या माणसाच्या आजूबाजूला सुटलेली जागा काही इंचांची. पाय कुठे ठेवायचे ते आधी मोजून ठरवलेलं. चित्रणाच्या वेळी युनिटमधल्या काही जणांनी मान फिरवली होती, असं सांगतात. तो पाऊलभर जरी सरकला असता, तर तो त्याचा शेवटचा सिनेमा ठरला असता.

एका वेगळ्या अर्थाने तो शेवटचा ठरलाच. त्या माणसाचं नाव बस्टर कीटन.

*

जोसेफ फ्रँक कीटन ४ ऑक्टोबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पिक्वा नावाच्या खेड्यात जन्मला. पिक्वाशी त्याचा संबंध एवढाच. आई मायरा आणि बाप जो हे दोघंही फिरत्या खेळात काम करणारे. ज्या गावात खेळ होता तिथे पोर झालं. ‘बस्टर’ हे नाव त्याला जादूगार हुडिनीने दिलं अशी दंतकथा आहे. तान्हं मूल जिन्यावरून गडगडत खाली आलं, त्याला काहीच झालं नाही, ते बघून हुडिनी उद्गारला वगैरे. त्या काळच्या बोलीत जोरात आपटण्याला बस्टर म्हणत. हुडिनी आणि जो कीटन यांनी एकत्र काम केलं होतं हे खरं, पण जुन्या मजकुरात या नावाचं श्रेय दुसऱ्याच एका नटाला दिलेलं सापडतं. हुडिनी पुढे जगप्रसिद्ध झाला, तेव्हा गोष्टीतला नट बदलला असणार. घरोघरी चालतं ते.

पोरगं चालायला लागल्यावर थोड्याच काळात रंगमंचावर आलं. ‘द थ्री कीटन्स’ हा या कुटुंबाचा खेळ. त्यात बाप मुलाला शिस्त लावू बघतो, मुलगा ऐकत नाही, मग बाप त्याला उचलून फेकतो. पडद्यावर, विंगेत, कधी थेट वाद्यवृंदाच्या खड्ड्यात. फेकायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीमागे सुटकेसची मूठ शिवलेली असे. लोक पोट धरून हसत. आणि इथेच त्या मुलाच्या एक गोष्ट लक्षात आली: आपटल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक हसत नाहीत, आपण मख्ख राहिलो तर ते जास्त हसतात. जगभर गाजलेला तो निर्विकार चेहरा असा धंद्याच्या अनुभवातून आला.

मुलांवरच्या अत्याचारांविरुद्ध काम करणारी एक संस्था तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होती. लोक तिला गेरी सोसायटी म्हणत. तिची माणसं कीटन कुटुंबाच्या मागे हात धुऊन लागली होती. मुलाचे कपडे उतरवून अंगावर वळ आहेत का, हाडं मोडली आहेत का, ते तपासलं जाई. काही सापडत नसे. म्हातारपणीही कीटन म्हणत राहिला की मला कधी लागलं नाही, पडायचं कसं ते मला येत होतं. त्याचं हे म्हणणं त्याचे बहुतेक चरित्रकार मान्य करतात. मी अर्धंच मान्य करतो. पडायचं कसं हे त्याला येत होतं याचा पुरावा पुढच्या प्रत्येक सिनेमात आहे. पण मुलगा मोठा होत गेला तसं बापाचं पिणं वाढत गेलं, आणि दारू प्यायलेल्या माणसाच्या हातून फेकलं जाणं हा वेगळा प्रकार असतो. १९१७ साली, एकविसाव्या वर्षी, बस्टर आणि त्याची आई त्याच कारणाने तो खेळ सोडून निघून गेले.

*

न्यूयॉर्कमध्ये त्याला रंगमंचावर आठवड्याला अडीचशे डॉलरचं काम मिळालं होतं. तालमी सुरू व्हायच्या आधी तो सहज एका स्टुडिओत डोकावला. तिथे रोस्को आर्बकल हा तेव्हाचा अतिशय लोकप्रिय, जाडजूड विनोदी नट ‘द बुचर बॉय’ नावाचा छोटा सिनेमा करत होता. कीटनने त्यात एक प्रसंग केला. मग, तो स्वतः सांगायचा त्याप्रमाणे, कॅमेरा मागून घेतला, घरी नेला, पार सुटा केला आणि परत जोडला. दुसऱ्या दिवशी त्याने अडीचशे डॉलरचं काम सोडलं आणि चाळीस डॉलरवर सिनेमात आला. हा चाळीसचा आकडा लक्षात ठेवा.

मधे पहिल्या महायुद्धासाठी सैन्यात भरती, फ्रान्समधला मुक्काम आणि तिथे कानाला आलेला कायमचा थोडा बहिरेपणा. परतल्यावर १९२० पासून त्याचं स्वतःचं युनिट सुरू झालं. पैसा जोसेफ शेंक या निर्मात्याचा, कारभार कीटनचा. १९२० ते १९२३ या काळात एकोणीस छोटे सिनेमे आणि त्यानंतर १९२८ पर्यंत दहा मोठे. या यादीत हसवून लोळवणारे सिनेमे आहेतच, पण सिनेमा या माध्यमाने काय करता येतं याची ती शाळासुद्धा आहे.

काम करायची पद्धत अशी: लिखित पटकथा नाही. सुरुवात काय आणि शेवट काय ते ठरलं की मधलं आपोआप होतं, असा कीटनचा हिशोब. अडलं की सगळं युनिट उठून बेसबॉल खेळायला जाई. खेळता खेळता कुणाला तरी काही सुचलं की परत कॅमेरा. नियम एकच, फसवाफसवी नको. पडायचं तर खरं पडायचं, आणि कॅमेरा इतका लांब ठेवायचा की माणूस आणि धोका एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. जवळून दाखवलं, मधे कापलं, की प्रेक्षकाला शंका येते.

‘वन वीक’ बघा. १९२० सालचा, वीस-पंचवीस मिनिटांचा. नवपरिणीत जोडप्याला खोक्यांत भरलेलं, जोडून उभं करायचं घर भेट मिळतं. कुणीतरी खोक्यांवरचे आकडे बदलतं आणि घर वेडंवाकडं उभं राहतं. शेवटी ते घर ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. दोघं डोळे मिटतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणेपर्यंत उलट दिशेने दुसरी गाडी येते आणि घराचा चुराडा. नायक ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ची पाटी ठेवतो, जोडणीचं माहितीपत्रकही सोबत ठेवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो. शंभरहून जास्त वर्षं झाली. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या कुणालाही हा सिनेमा दाखवा.

चार वर्षांनी आलेल्या ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये प्रोजेक्टर चालवणारा पोरगा झोपतो आणि स्वप्नात चालत्या सिनेमाच्या पडद्यात शिरतो. तो शिरतो, पण सिनेमातली दृश्यं बदलत राहतात: बाकावर बसायला जावं तर रस्ता, रस्त्यावरून चालावं तर कड्याचं टोक. प्रत्येक दृश्यात त्याचं शरीर तसूभरही न हलता तिथेच असावं म्हणून जमीन मोजणाऱ्यांची उपकरणं वापरून कॅमेरा आणि माणूस यांच्यातलं अंतर मोजलं होतं. याच सिनेमात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोट अंगावर येऊन तो रुळावर आपटतो. त्यानंतर काही दिवस डोकं भयंकर दुखत होतं, पण काम चालू राहिलं. कितीतरी वर्षांनी एका तपासणीत डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, तुमची मान कधी मोडली होती? तो शॉट सिनेमात जसाच्या तसा आहे. तुम्ही मान मोडताना बघता आणि हसता. मीही हसलो होतो, नंतर हे वाचलं.

*

‘द जनरल’बद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण सगळा खेळ तिथेच फिरला.

अमेरिकन यादवी युद्धात, १८६२ साली, उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेच्या मुलखात घुसून एक रेल्वे इंजिन पळवलं होतं. दक्षिणेच्या माणसांनी पाठलाग करून त्यांना गाठलं. म्होरक्या अँड्र्यूज आणि आणखी सात जणांना फाशी झाली. या मोहिमेतून वाचलेल्या एकाने लिहिलेलं पुस्तक कीटनच्या हातात पडलं. त्याने ओरेगन राज्यात कॉटेज ग्रोव्ह या गावाजवळ तळ ठोकला, जुन्या पद्धतीची इंजिनं मिळवली, सैनिक म्हणून ओरेगनच्या नॅशनल गार्डची माणसं घेतली. एका दृश्यात तो उदास होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन हळूच सुरू होतं आणि दांड्याबरोबर तो वर-खाली, वर-खाली होत शेडमध्ये जातो. चाक जरा जरी जागच्या जागी घसरून फिरलं असतं तर तो भिरकावला गेला असता. वर दुःखी चेहरा.

आणि तो पूल. जळत्या पुलावर खरं इंजिन चढवलं आणि पुलासकट नदीत पाडलं. जुलै १९२६. बघायला आसपासच्या गावांतून हजारो लोक जमले होते. त्या एका शॉटचा खर्च ४२,००० डॉलर सांगितला जातो. मूकपटांच्या काळातला तो सर्वांत महागडा शॉट मानतात. इंजिन वर्षानुवर्षं नदीतच पडून राहिलं. दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी लोखंड गोळा करू लागले तेव्हा ते बाहेर निघालं.

सिनेमा आपटला. समीक्षकांनी झोडपला. आज तो जगातल्या श्रेष्ठ सिनेमांच्या याद्यांमध्ये असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९८९ साली पहिले पंचवीस सिनेमे निवडले गेले, त्यांतही तो होता. पण भक्तिभावाने बघण्यात अर्थ नाही. कीटनने मूळ गोष्ट उलटी केली आणि नायक दक्षिणेचा ठेवला. पराभूत दक्षिणेला खलनायक केलेलं लोकांना चालणार नाही, असा त्याचा कयास होता. परिणाम असा की गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या फौजेत भरती होण्याची धडपड हाच सिनेमाचा धागा झाला, आणि गुलामगिरीचं नावही नाही. ‘कॉलेज’मध्ये तो चेहऱ्याला काळं फासून कृष्णवर्णीय वेटरचं सोंग घेतो, तेही आज बघवत नाही. त्या काळात चालायचं हे खरं. कुणाला चालायचं, हा प्रश्न तरी उरतोच.

१९२७च्या उन्हाळ्यात ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ सॅक्रामेंटो नदीकाठी सुरू होता. शेवटी महापूर दाखवायचा होता, पण त्याच वर्षी मिसिसिपीच्या पुराने खरोखरच हाहाकार उडवला होता, म्हणून पुराचं वादळ झालं. म्हणजे आपण ज्या क्लिपपासून सुरुवात केली ती या बदलामुळे अस्तित्वात आली. ती कल्पना मात्र नवी नव्हती. १९१९ साली आर्बकलबरोबरच्या ‘बॅकस्टेज’मध्ये नाटकातला रंगवलेला पडदा आर्बकलवर पडतो आणि तो खिडकीतून वाचतो. ‘वन वीक’मध्ये लाकडी भिंत खुद्द कीटनवर पडते. आठ वर्षांनी तोच विनोद दोन टनांचा झाला. याच सुमारास शेंकने त्याला सांगितलं होतं की आता हे युनिट बंद. भिंतीखाली उभं राहताना आपल्याला जगण्या-मरण्याची फारशी फिकीर वाटत नव्हती, असं तो पुढे बोलल्याचं सांगतात.

*

बंद म्हणजे काय, आणि बंद करणारा शेंक कोण? इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कंपनीचं नाव बस्टर कीटन प्रॉडक्शन्स. त्या कंपनीत बस्टर कीटनचा एकही शेअर नव्हता. त्याला पगार होता, नफ्यात वाटा होता, कामात पूर्ण मोकळीक होती, मालकी नव्हती. चॅप्लिन स्वतःच्या सिनेमांचा मालक होता. हॅरॉल्ड लॉइडसुद्धा. कीटनला हिशोबाच्या कागदांत रस नव्हता, आणि शेंक तर नात्यातला: कीटनची बायको नताली ही नॉर्मा टालमाज या मोठ्या नटीची बहीण, आणि नॉर्मा शेंकची बायको. घरच्या माणसाकडे कोण कागद मागतो?

शेंकने त्याला एमजीएम या बलाढ्य कंपनीकडे जायला सांगितलं. शेंकचा सख्खा भाऊ तिथे वरच्या जागेवर होता. जाऊ नकोस, तिथे तुझं काही चालू देणार नाहीत, असं चॅप्लिन आणि लॉइड दोघांनीही बजावलं, हे कीटनने आत्मचरित्रात लिहिलंय. तरी १९२८ साली तो गेला. आठवड्याला ३,००० डॉलर. चाळीस डॉलरसाठी अडीचशेवर पाणी सोडणारा तोच माणूस. पुढे त्याने या कराराला आयुष्यातली सर्वांत मोठी चूक म्हटलं.

पहिला सिनेमा ‘द कॅमेरामन’ चांगला झाला, कारण न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोकांनी त्याला ओळखून इतकी गर्दी केली की ठरलेली पटकथा तिथे चित्रित होईना. मग ती बाजूला ठेवायची परवानगी त्याने मिळवली. त्यानंतर मात्र कंपनीचं यंत्र सुरू झालं. विनोद कागदावर लिहून मंजूर करून घ्यायचे. जिवावरचे खेळ बंद, इतक्या महागड्या नटाला काही झालं तर? बेसबॉल अर्थातच बंद. बोलपट आला तेव्हा त्याला बडबड्या, बावळट माणसाच्या भूमिका दिल्या, पुढे जिमी ड्युरँटी या अखंड बोलणाऱ्या नटाशी जोडी लावली. बोलपटाने कीटनला संपवलं असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. त्याचा आवाज चांगला होता, त्याला बोलायला हरकतही नव्हती. हरकत होती ती उगाच बोलायला. आणि यातली कडू गोष्ट ही की ते भिकार बोलपट चालले. ‘द जनरल’पेक्षा कितीतरी जास्त चालले. मग कंपनीला कुठल्या तोंडाने सांगणार की तुमचं चुकतंय?

पुढची पाच वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात रमण्यासारखं काही नाही. दारू वाढली. १९३२ साली घटस्फोट, दोन्ही मुलगे आईकडे, आणि मुलांचं आडनाव कीटनचं टालमाज झालं. फेब्रुवारी १९३३ मध्ये एमजीएमने काढून टाकलं. बेव्हर्ली हिल्समधला प्रचंड बंगला गेला. दिवाळखोरी, एक फसलेलं दुसरं लग्न, १९३५ साली रुग्णालय. आर्बकलची अवस्था त्याने जवळून पाहिली होती: १९२१ मध्ये एका नटीच्या मृत्यूप्रकरणी आरोप, तीन खटले, शेवटी ज्युरीने निर्दोष ठरवून वर दिलगिरीही व्यक्त केली, पण कारकीर्द संपली ती संपलीच. कीटनने त्याची साथ सोडली नव्हती. आता स्वतःची पाळी.

गोष्ट इथे संपवणारे बरेच आहेत. शोकांतिका म्हणून ती छान दिसते. पण माणूस अजून तीस वर्षं जगला आणि कामावर जात राहिला. जिथून हाकललं त्याच एमजीएममध्ये तो तुटपुंज्या पगारावर विनोद पुरवणारा कारागीर म्हणून परतला. रेड स्केल्टनच्या ‘अ सदर्न यँकी’मधला तो प्रसंग, जिथे नायक दोन फौजांच्या मधून अर्धा निळा अर्धा करडा गणवेश घालून चालतो आणि दोन्हीकडून जयजयकार होतो, तो कीटनच्या डोक्यातला. १९४० साली त्याने एलिनॉर नॉरिस या तरुण नर्तिकेशी लग्न केलं. वयात वीसहून जास्त वर्षांचं अंतर, टिकणार नाही असं सगळे म्हणाले. ते त्याच्या मृत्यूपर्यंत टिकलं. पॅरिसच्या सर्कशीत त्याने खेळ केले, टीव्हीवर, जाहिरातींत कामं केली. १९४९ मध्ये जेम्स एजी या समीक्षकाने ‘लाइफ’ मासिकात मूक विनोदपटांवर मोठा लेख लिहिला आणि लोकांना आठवलं की अरे, हा माणूस आहे अजून.

सिनेमे मात्र सापडत नव्हते. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, आपोआप कुजणारी आणि झटकन पेट घेणारी. मालकच नसल्यामुळे कीटनकडे स्वतःच्या सिनेमांच्या प्रतीही धड नव्हत्या. योगायोग बघा, तो गेलेला बंगला पुढे जेम्स मेसन या नटाने घेतला, आणि तिथे एका बंद कपाटात कीटनच्या सिनेमांची रिळं निघाली. त्यातून आणि रेमंड रोहाउर या वितरकाच्या खटपटीतून ते सिनेमे पुन्हा जगभर फिरू लागले. आज आपण फोनवर ते फुकट बघतो, त्याची मुळं त्या कपाटापर्यंत जातात.

१९६५ साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षक उभं राहून टाळ्या वाजवत राहिले. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. कर्करोग आहे हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

पण मला त्याच्या अखेरच्या काळातलं बघायला आवडतं ते वेगळंच. १९६४च्या शरद ऋतूत कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी तो ‘द रेलरॉडर’ हा छोटा सिनेमा करत होता. संवाद नाहीत, एक म्हातारा रुळांवरून चालणाऱ्या छोट्या गाडीत बसून अख्खा कॅनडा पार करतो. त्या चित्रणावर आणखी एकाने माहितीपट केला, तोही नेटवर आहे. त्यात एक भांडण आहे. कीटनला सुचलंय की गाडी उंच पुलावरून जाताना आपण एक भलामोठा नकाशा उघडायचा आणि वाऱ्याने तो आपल्या अंगाभोवती गुंडाळला जायचा, समोरचं काही दिसत नाही, गाडी चालूच. तरुण दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटन घाबरतो. हा माणूस एकोणसत्तर वर्षांचा आहे, खोकतोय, खाली खोल दरी. तो नकाशा सुरक्षित जागी उघडायला लावतो आणि पुलावर दुसरंच काहीतरी साधं करून घेतो. संध्याकाळी रेल्वेच्या डब्यात कीटन एलिनॉरसमोर धुसफुसतो. धोका कसला त्यात, पोरखेळ आहे तो. विनोद नकाशात नाही, पुलावरच्या नकाशात आहे.

मग पॉटरटन ऐकतो. कॅमेरा लांब लावतात. पुलावरून गाडी येते, वर एक फडफडणारा कागदाचा गुंडाळा, आणि त्यातून बाहेर आलेले दोन हात.